घटस्फोट आधी झाला की ग्रीनकार्ड आधी आलं: गुहागरच्या एका भावाच्या प्रश्नाला उत्तर

गुहागर तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. त्याची बहीण एम.एस. करायला न्यू जर्सीला गेली. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी येऊन लग्न झालं. मुलगा मूळचा चिपळूणकडचा, तेव्हा ग्रीनकार्डवर होता, पुढे अमेरिकेचा नागरिक झाला. नागरिक झाल्यावर, म्हणजे दहा महिन्यांपूर्वी, त्याने बायकोसाठी आय-१३० ही याचिका भरली आणि त्याच पाकिटात तिचा ग्रीनकार्डचा अर्ज, म्हणजे आय-४८५, गेला. तिची शिक्षणानंतर मिळालेली कामाची मुदत मध्यंतरी संपली, त्यामुळे ती आज तिथे राहते ती या प्रलंबित अर्जाच्या आधारावर. चार महिन्यांपासून नवरा वेगळा राहतो. "कागद मागे घेईन, मग बघ" असं म्हणतो. इकडे सासरच्यांनी परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा सहीसाठी पाठवला आहे. भावाचे प्रश्न तीन: घटस्फोट झाला तर ग्रीनकार्डच्या अर्जाचं काय होईल, मसुद्यावर सही करावी का, आणि आई म्हणते तसं तिला गणपतीला घरी बोलावून घ्यावं का.

मी रत्नागिरीला वकिली करते. एक पक्ष गावात आणि दुसरा परदेशात, असे कौटुंबिक दावे हेच माझं बरंचसं काम. अमेरिकेतला अर्ज तिथला वकीलच चालवणार. पण इथे केलेली सही तिथल्या फाइलीत जाऊन काय करते, हे दोन्हीकडे बघणाऱ्याला कळतं. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: ग्रीनकार्ड मंजूर व्हायच्या आधी घटस्फोटाचा हुकूमनामा झाला, तर नवऱ्याच्या नात्यावर उभा असलेला अर्ज फेटाळला जातो. आय-१३० म्हणजे नवऱ्याने केलेला "ही माझी बायको" असा दावा. आय-४८५ म्हणजे त्या दाव्याच्या आधारे बायकोने मागितलेला कायम निवास. कौलारू घराचं आढं काढलं की वासे उभे राहत नाहीत, तसं आहे हे. आय-१३० आधीच मंजूर झालेला असला तरी फरक पडत नाही. कार्डाचा निर्णय व्हायच्या आत घटस्फोट झाला, किंवा नवऱ्याने अर्ज मागे घेतला, तर ती मंजुरी आपोआप रद्द होते. म्हणजे नवऱ्याची धमकी पोकळ नाही. कार्ड येईपर्यंत तो एका पत्राने आय-१३० मागे घेऊ शकतो आणि त्यासाठी बायकोची संमती लागत नाही.

याच्या उलट, कार्ड आधी मंजूर झालं आणि घटस्फोट नंतर झाला, तर केवळ घटस्फोटामुळे कार्ड जात नाही. तुमच्या बहिणीच्या लग्नाला दोन वर्षं उलटून गेली आहेत, त्यामुळे मंजुरी मिळाली तर तिला दहा वर्षांचं, बिनअटीचं कार्ड मिळेल. तेव्हा सगळं तारखांच्या क्रमावर आहे. हुकूमनाम्याची तारीख आणि मंजुरीची तारीख, यांतली आधीची कोणती, एवढंच अधिकारी बघतो.

वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे, हेही समजून घ्या. लग्न खरं होतं, संसार करायच्या हेतूने केलं होतं आणि कायद्याने ते अजून टिकून आहे, तर नवराबायको वेगळ्या छपराखाली राहतात एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही. न्यायालयाकडून विधिवत विभक्ततेचा आदेश घेतलेला असेल तर मात्र गोष्ट बदलते. तो आदेश घटस्फोटासारखाच अंगावर येऊ शकतो. आणि मुलाखतीत "आम्ही एकत्रच राहतो" असं खोटं सांगायचं नाही. नवरा मुलाखतीला यायला तयार असला आणि त्याने तसं सांगायला सुचवलं तरीही नाही. इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे महत्त्वाच्या बाबीत खोटं बोलल्याचा शिक्का बसला तर तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. लग्नच बनावट होतं असा निष्कर्ष निघाला, तर पुढे कुणीही, अगदी नोकरी देणाऱ्या कंपनीनेही, तिच्यासाठी केलेली याचिका मंजूर होत नाही.

आता मसुद्याकडे येते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की "उभय पक्षकार गेल्या दीड वर्षापासून विभक्त राहत असून त्यांच्यात पतिपत्नीचे कोणतेही संबंध राहिलेले नाहीत." हे वाक्य का घातलं ते मला कळतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीचा अर्ज करायचा तर दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. खरे चारच महिने झालेत, म्हणून इथल्या वकिलाने सवयीने दीड वर्ष टाकलं. आपल्याकडे अनेक मसुद्यांत हे सर्रास होतं आणि कुणी हरकत घेत नाही.

पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत हे वाक्य घातक आहे. दहा महिन्यांपूर्वी तिने आणि नवऱ्याने अमेरिकी सरकारला सहीनिशी लिहून दिलं की आम्ही एका पत्त्यावर नवराबायको म्हणून राहतो. आता ती इथल्या न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर म्हणणार की तेव्हा आम्ही आठ महिने वेगळेच होतो. दोन्ही कागद एका टेबलावर आले की अधिकाऱ्याला तिसरं काही शोधावं लागत नाही. तिचं खरं लग्न तिच्याच सहीने खोटं ठरेल. म्हणून या मसुद्यावर सही नको. दुरुस्ती करूनही आत्ता नको, कारण खरी तारीख लिहिली तर कलमाची एक वर्षाची अटच पुरी होत नाही. सासरच्यांना एवढंच कळवा की वकिलाचा सल्ला घेऊन उत्तर देऊ. वाडीच्या बैठकीत किंवा भावकीतल्या मोठ्या माणसांच्या दबावाखाली काही लिहून देऊ नका.

ज्यांनी असा संयुक्त अर्ज आधीच दाखल केला आहे, त्यांनीही हाय खाऊ नये. पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे संमती सांगायची असते. २०१७ पासून न्यायालय योग्य प्रकरणात हे थांबणं माफ करू शकतं. पण हुकूमनामा होईपर्यंत कोणताही एक पक्ष संमती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे. पहिली सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही.

मसुद्यातलं शेवटचं कलमही बघा: "अर्जदार क्र. २ हिची पोटगी, स्त्रीधन अथवा अन्य कोणतीही मागणी भारतात वा परदेशात राहिलेली नाही व राहणार नाही." अर्जासोबत नवऱ्याने आय-८६४ नावाचं आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र दिलेलं असतं. कार्ड मिळाल्यावर ते लागू होतं आणि घटस्फोटानेही संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा होईपर्यंत ते चालू राहू शकतं. असा हक्क एका ओळीत सोडून द्यायचा नसतो.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीपुढे केलेली सोडचिठ्ठी. समाजात ती चालते, पण हिंदू विवाह कायद्याखाली, जातीची प्रथा पुराव्याने सिद्ध झाल्याशिवाय, तिने लग्न मोडत नाही. तरीही ती करू नका. अमेरिकेतल्या फाइलीत असा कागद गेला की तुम्ही विवाहित की घटस्फोटित, याचाच घोळ होतो. ज्यांचं पहिलं लग्न अशा कागदावर "मोडलं" आणि दुसरं परदेशातल्या मुलाशी झालं, त्यांचे अर्ज नेमके याच मुद्द्यावर अडकतात.

नवरा इथली वाट सोडून न्यू जर्सीत दावा लावू शकतो. बहुतेक तसंच करेल. तिथे दोघांपैकी एक जण वर्षभर रहिवासी असला आणि सहा महिने न जुळणारे मतभेद असले की तेवढं कारण पुरतं. समन्स मिळाल्यापासून ३५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. इथे गावातले शहाणे सांगतील की अमेरिकेचा घटस्फोट आपल्याकडे चालत नाही, लक्ष देऊ नका. त्यात अर्धं खरं आहे. १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या पक्षाने त्या न्यायालयाचा अधिकार न मानता झालेला परदेशी घटस्फोट इथे बंधनकारक नाही. पण इमिग्रेशनला रत्नागिरीच्या न्यायालयाला काय वाटतं याच्याशी देणंघेणं नाही. न्यू जर्सीचा हुकूमनामा न्यू जर्सीत वैध आहे, तर त्या दिवशी त्यांच्या लेखी लग्न संपलं. मुलगी तिथे घटस्फोटित आणि इथे विवाहित, अशी मध्येच लटकते. तेव्हा समन्स आलं तर हजर व्हा, तिथला कुटुंब-कायद्याचा वकील घ्या. हुकूमनाम्याची तारीख थोडी पुढे नेता येईल का, हे समोरच्याशी उघडपणे बोलून ठरवणं यात बेकायदा काही नाही.

गणपतीचं सांगते. आईला काय वाटत असेल ते मला कळतं. कोकणात गौरी-गणपतीला लेक घरी नाही म्हणजे घर अर्धं. तरी तिला आत्ता बोलावू नका. आय-४८५ प्रलंबित असताना परतीची परवानगी, ज्याला अ‍ॅडव्हान्स परोल म्हणतात, ती हातात नसताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांना यात सूट आहे, तुमच्या बहिणीला नाही. परवानगी असली तरी ही वेळ नव्हे: ती गुहागरात आरतीला उभी असताना नवऱ्याने अर्ज मागे घेतला, तर परत जायचा दरवाजाच बंद होईल. यंदा आई-वडिलांना तिकडे जाता आलं तर ते जास्त उपयोगाचं, तिला आधार होईल.

टपालाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण यातच कित्येकींचं नुकसान होतं. अर्जावर नवऱ्याच्या घराचा पत्ता आहे. मुलाखतीची तारीख, जादा पुराव्याची मागणी, नकार, सगळं त्या पत्त्यावर जाणार. ऑनलाइन खात्याचा पासवर्डही बहुधा त्याच्याकडेच. घर बदलल्यापासून १० दिवसांत नवा पत्ता कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि प्रत्येक प्रलंबित पावतीच्या क्रमांकावर तो बदलला आहे ना हे तपासावं लागतं. तिने आजच स्वतःच्या नावाने खातं उघडावं, पावत्या, कामाचं कार्ड, पासपोर्ट आणि एकत्र भरलेल्या करांच्या प्रती स्वतःकडे घ्याव्यात, आणि एक संच तुम्हाला पाठवावा.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. तुमची बहीण तुम्हाला सगळं सांगते का? तुमच्या मजकुरात दोन ओळी आहेत: "तो तिला आमच्याशी बोलू देत नसे" आणि "पासपोर्ट त्याच्या कपाटात असायचा". या दोन ओळींमुळे मी हे उत्तर इतकं लांबवलं. १९९४ मध्ये अमेरिकेने स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला, वावा म्हणून तो ओळखला जातो. त्याखाली नागरिकाने किंवा ग्रीनकार्डधारकाने छळलेली बायको (नवराही) स्वतःच स्वतःसाठी आय-३६० ही याचिका भरू शकते. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवलं जात नाही, आणि तिची माहिती त्याला देण्यास सरकारी अधिकाऱ्यांना कायद्याने मनाई आहे. छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैसे काढून घेणं, कोंडून ठेवणं, माहेर तोडणं, "हद्दपार करीन" अशा धमक्यांवर माणसाला वाकवणं, हे सगळं मिळून अतिरेकी क्रूरता ठरू शकतं. नवरा नुसता तुटक वागला, संसार जमला नाही, एवढ्याने मात्र ते ठरत नाही. लग्न खरं होतं, ती त्याच्याबरोबर राहिली होती आणि तिचं स्वतःचं वर्तन चांगलं आहे, हेही दाखवावं लागतं.

इथेही तारीख आहेच. घटस्फोट झाला तरी हा अर्ज करता येतो, पण दोन वर्षांच्या आत, आणि त्या घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवून. शिवाय हा अर्ज मंजूर व्हायच्या आत तिने दुसरं लग्न केलं तर तो जातो. "झालं ते झालं, चांगलं स्थळ आलंय" म्हणून घाई करणाऱ्या नातेवाइकांना हे सांगून ठेवा. आधीचा आय-४८५ अजून निकालात निघालेला नसेल, तर त्याचा आधार बदलून आय-३६० वर नेता येतो का हे तिथला वकील बघेल, म्हणून नवऱ्याने अर्ज मागे घ्यायच्या आधी वकील गाठणं महत्त्वाचं.

पुराव्यासाठी इथून खूप करता येतं. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीतला विवाह नोंदणीचा दाखला, सत्यनारायणाचे आणि पुढच्या वर्षी जोडीने गणपतीला आल्याचे फोटो, तिच्याशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश तारखांसकट. आईचं, तुमचं, तिच्या मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र. ते मराठीत चालेल, सोबत अनुवादकाने प्रमाणित केलेलं इंग्रजी भाषांतर जोडायचं. प्रतिज्ञापत्रात विशेषणं नकोत. "तो फार वाईट वागला" याचा उपयोग नाही. "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला, मागे तो ओरडत होता, फोन मध्येच तुटला, मग आठ दिवस फोन बंद" याचा उपयोग आहे. स्वतः ऐकलेलं, पाहिलेलं तेवढंच लिहा.

आणि कृपा करून सूड म्हणून इथे सासूसासरे, दीर, नणंद सगळ्यांना गोवून पोलिसांत तक्रार देऊ नका. पूर्वीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, खऱ्या छळासाठी आहे. जे झालं असेल ते जरूर नोंदवा. पण गुहागरच्या फिर्यादीत एक कथा आणि न्यू जर्सीतल्या जबाबात दुसरी, असं झालं की मुलीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. तिला भीती वाटत असेल तर तिथे पोलिसांत नोंद करावी आणि न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागावा. न्यू जर्सीत मानवी नावाची संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हेच काम करते. तिने स्वतः तिथे बोलावं, तुमच्यामार्फत नव्हे.

छळ नसेल तर? मग वाट अरुंद आहे, हे स्पष्ट सांगते. शिक्षण आहे, नोकरी आहे, तर कंपनीच्या आधाराने काही होतं का ते बघायचं. काहीच नसेल आणि अर्ज फेटाळला गेला, तर त्या दिवसापासून बेकायदा मुक्काम मोजला जाऊ लागतो आणि इमिग्रेशन न्यायालयाची नोटीसही येऊ शकते. १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षं परत जाता येत नाही. त्याआधी स्वतःहून परतली तर ही बंदी लागत नाही आणि पुढे आपल्या शिक्षणावर ती पुन्हा अर्ज करू शकते. अशी परत आलेली मुलगी हरलेली नसते. गावाला काय सांगायचं याची काळजी घरच्यांनी तिच्यावर टाकू नये.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. नवरा एच-१बी वर आणि बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असेल, तर हुकूमनाम्याच्या दिवशी एच-४ चा आधार संपतो. नोकरी गेलेल्याला मिळतात तसे ६० दिवस यात नाहीत. नवऱ्याच्या नोकरीवरच्या ग्रीनकार्ड अर्जात तिचं नाव असेल तर मंजुरीआधीच्या घटस्फोटाने तेही गळतं, पण त्याच्या पोटच्या मुलांचा हक्क त्यामुळे जात नाही. दोन वर्षांचं सशर्त कार्ड हातात असेल तर परिस्थिती पुष्कळ बरी: अटी काढून घेण्याचा अर्ज, आय-७५१, एरवी दोघांनी मिळून भरायचा असतो, पण घटस्फोट झाल्यास लग्न खरं होतं हे दाखवून एकटीला सूट मागता येते. त्यासाठी मात्र अंतिम हुकूमनामा लागतो, म्हणजे इथे घाईची दिशा उलटी. ब्रिटनमध्ये पती-पत्नी व्हिसावर असताना नातं तुटलं तर उरलेली मुदत सहसा ६० दिवसांवर आणली जाते, पण छळग्रस्तांना कायम निवासाची वेगळी वाट आहे. दापोली-मंडणगडकडच्या ज्या बहिणी आखातात नवऱ्याच्या परवान्यावर राहतात, त्यांनी परवाना रद्द होण्याआधी स्वतःच्या नावावर काही करता येतं का हे तिथेच, त्या देशाच्या नियमांनुसार तपासावं.

शेवटी वकिलाबद्दल. दहा महिन्यांपूर्वी अर्ज भरणारा वकील बहुधा दोघांचाही होता, आणि फी नवऱ्याने दिली होती. त्याच्याकडून तिने फाइलीची प्रत मागून घ्यावी, पण छळाबद्दल किंवा पुढच्या बेताबद्दल त्याच्याशी काहीही बोलू नये. तिला स्वतःचा, वेगळा, अमेरिकेत परवाना असलेला इमिग्रेशन वकील हवा. व्हिसा एजंट किंवा "फॉर्म भरून देतो" म्हणणारा ओळखीचा माणूस चालणार नाही. त्या वकिलाला इथला मसुदा, त्यातला दीड वर्षांचा परिच्छेद खुणेसह, आणि लग्नाचा दाखला या आठवड्यातच पाठवा. सासरच्यांना द्यायच्या उत्तराचा मजकूर त्याच्याशी बोलून मी लिहून देईन.